निर्भेळ

दसऱ्याच्या सकाळी नानांच्या गॅरेजमध्ये शस्त्रपूजा असते. पाटावर लाल खण, खणावर ओळीने मांडलेली आयुधं. काचेवरचा बर्फ खरवडायचा ब्रश, घडीचं फावडं, टायरची हवा मोजायचं मीटर, बूस्टर केबलचे दोन जोड, उणे ४० पर्यंत न गोठणारं निळं वॉशरपाणी, आणि मधोमध नागासारखं वेटोळं घालून बसलेली जाडजूड नारिंगी एक्स्टेन्शन वायर. झेंडू विनिपेगच्या पहिल्याच हिमाने काळा पडलेला असतो, त्यामुळे हार प्लास्टिकचा. आपट्याची पानं मिळत नाहीत, त्या जागी मेपलची. "सोनं काय, पिवळं दिसलं की झालं," असं काकू म्हणतात. नाना म्हणत नाहीत. मेपल म्हणजे आपट्यात केलेली भेसळ आहे आणि ती आपण मनाविरुद्ध खपवून घेतो आहोत, हे ते दर वर्षी सांगतात.

मग नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं आणि व्याख्यान सुरू होतं.

नाना हे त्यांचं खरं नाव आहे की नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. त्याने काही अडतही नाही, कारण तो हुद्दा आहे. थंड मुलखातल्या कुठल्याही मराठी मंडळाला एक अध्यक्ष, एक खजिनदार आणि एक नाना असतो. अध्यक्ष दोन वर्षांनी बदलतो. कॅल्गरीला गेलात तर तिथे त्याला तात्या म्हणत असतील, मिनियापोलिसला बापू, पण ऑक्टोबर लागला की सगळ्यांच्या अंगात एकच वारं शिरतं. "टायर बदलले का?" हा त्यांचा नमस्कार. "बॅटरी किती वर्षांची?" ही विचारपूस. टोरोंटोत म्हणे असा माणूस निपजत नाही. "तिथे उणे दहाला थंडी म्हणतात," असं नाना सांगतात, आणि मुंबईच्या माणसाच्या पावसाच्या गप्पा ऐकताना चेरापुंजीचा माणूस जसा हसेल तसं हसतात.

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे थंडी पडली म्हणजे पंखा तीनवरून दोनवर यायचा. विनिपेगला उतरलो तो ऑगस्टमध्ये, तीस अंशांत, घाम पुसत. मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना मागून कुणीतरी माझी बाही ओढली.

"गाडी घेतलीस?"

"घेतली. जुनीच आहे."

"नाकातून वायर येते का?"

घालीन लोटांगण सुरू झालं होतं म्हणून मी स्वतःभोवती फिरलो आणि त्या निमित्ताने पळ काढायला बघितला, पण नाना माझ्याबरोबर फिरले. प्रसाद हातात पडेपर्यंत मला कळलं होतं की इथे इंजिनला विजेची शेगडी बसवलेली असते. तिला ब्लॉक हीटर म्हणतात. साधारण चारशे वॅटची. तिची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबते, आणि थंडीच्या रात्री गाडी उभी केली की ती भिंतीतल्या प्लगला जोडायची. इमारतींच्या पार्किंगमध्येसुद्धा जागेगणिक प्लगचे खांब रोवलेले असतात. न जोडली तर पहाटेपर्यंत इंजिनातल्या ऑइलची काकवी होते, बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि ज्या दिवशी स्टार्टरला दुप्पट जोर लावायचा असतो नेमकं त्याच दिवशी त्याच्या अंगात त्राण नसतं.

पुढे नोव्हेंबरात मी आईला व्हिडिओ कॉलवर आमचं पार्किंग दाखवलं. ओळीने उभ्या गाड्या, प्रत्येकीच्या तोंडातून निघून खांबाला गेलेली वायर. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "रात्री दावणीला बांधता होय रे?"

हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे तिचं. जनावर आहे ते. वैरणपाणी बघावं लागतं." मग त्यांनी मला अँड्र्यू फ्रीमनची गोष्ट सांगितली. आमच्या विनिपेगमधून जी रेड नदी वाहते तिच्याच काठी, सीमेपलीकडे दक्षिणेला, ग्रँड फोर्क्स नावाचं गाव आहे. तिथल्या या गृहस्थाने इंजिन तापवायचा हीटर बनवला आणि १९४९ साली त्याचं पेटंट मिळवलं. नाना हे नाव ज्या आदराने घेतात त्या आदराने पुण्यात फक्त शास्त्रीय गवयांची नावं घेतली जातात, तीही कानाच्या पाळीला हात लावून. ते एकदा मुद्दाम ग्रँड फोर्क्सला जाऊन आले. काय बघितलंत विचारलं तर म्हणाले, "काही नाही. गाव बघितलं. पार्किंगमध्ये थोडा वेळ उभा राहिलो."

व्याख्यानाचे विषय ठरलेले. टायर: साधं रबर सात अंशांखाली कडक व्हायला लागतं, म्हणून पहिल्या बर्फाची वाट बघायची नाही, सात अंशांची बघायची. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. आमच्या मॅनिटोबात सक्ती नाही, नाना आहेत. ऑइल: डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं त्यातला डब्ल्यू कशाचा? हा प्रश्न तोंडी परीक्षेसारखा कुणालाही अचानक विचारला जातो. (विंटरचा. एका नव्या जोडप्यातल्या नवऱ्याने 'वजनाचा' असं उत्तर दिलं होतं, त्याचं नाव नाना अजून घेतात.) पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ द्यायचं नाही. दाराच्या रबराला सिलिकॉन फासायचं, नाहीतर दार गोठून चिकटतं आणि ओढलं की रबरासकट हातात येतं. डिकीत घोंगडी, मेणबत्ती, काड्यापेटी, कॉफीचा रिकामा डबा, सुकं खाणं आणि मांजराच्या शौचाची वाळू. शेवटची वस्तू ऐकून नवीन माणूस हमखास चमकतो. ती बर्फात घसरणाऱ्या चाकाखाली टाकायला असते. नानांकडे मांजर नाही, पण किराणा दुकानातल्या बाईला त्यांच्याकडे निदान सहा तरी असावीत असं वाटतं.

हे सगळं विनोदी वाटेल, पण विनिपेगमध्ये २४ डिसेंबर १८७९ रोजी उणे ४७.८ अंश नोंदवले गेले आहेत आणि नाना त्या दिवसाबद्दल असे बोलतात की ते तिथे हजर होते आणि गाडी सुरू झाली होती. उणे चाळीसला सेल्सियस आणि फॅरनहाइट एक होतात; तिथून पुढे मोजमापाचा वाद संपतो, असं त्यांचं लाडकं वाक्य आहे. रात्रभर उभ्या गाडीचे टायर बुडाशी चपटे होऊन गोठतात आणि सकाळी पहिला अर्धा किलोमीटर गाडी चौकोनी चाकांवर चालल्यासारखी धडधडते. गावकरी यावर एकच म्हणतात, "कोरडी थंडी आहे, लागत नाही." काकूंचं यावरचं मत असं की सुरीसुद्धा कोरडीच असते.

नानांना हे वेड लागलं ते पहिल्याच हिवाळ्यात, १९९१ साली. नोकरीच्या मुलाखतीचा दिवस, घेतलेली पहिली गाडी, आणि चावी फिरवल्यावर आलेला तो एकच आवाज. टक. पोर्टेज अव्हेन्यूच्या बसथांब्यावर पुण्याहून आणलेली माकडटोपी घालून ते चाळीस मिनिटं उभे होते. मुलाखत हुकली. संध्याकाळी एका अनोळखी शेजाऱ्याने स्वतःची गाडी आणून, केबल लावून, त्यांची गाडी सुरू करून दिली आणि नावही न सांगता निघून गेला. त्या शेजाऱ्याचे उपकार नाना आजतागायत फेडताहेत. आम्हा सगळ्यांवर. इच्छा असो वा नसो. पहाटे पाचला "उणे छत्तीस आहे, वायर लावलीस ना?" असा फोन ज्याला आला नाही तो मराठी माणूस विनिपेगमध्ये नुकताच आलेला असतो.

आता त्यांच्या दुसऱ्या वेडाबद्दल सांगायला हवं, कारण इंजिन गेलं ते त्याच्यामुळे.

नाना सदाशिव पेठेतले. त्यांच्या वाड्यात दूध घालायला गवळी यायचा आणि नऊ वर्षांच्या नानांच्या हातात वडिलांनी लॅक्टोमीटर दिलेला होता. पातेल्यात काचेची नळी सोडायची, ती किती बुडते ते बघायचं आणि गवळ्याकडे बघायचं. हे काम त्यांनी सात वर्षं केलं. गवळीही पेठेत मुरलेला होता. आधी साय काढून घेतली की दूध जड होतं, मग बेताचं पाणी घातलं की पुन्हा जागच्या जागी येतं, आणि नळी मुकाट खूण दाखवते. ही युक्ती नानांना पुढे कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना कळली. तोवर गवळ्याने दुमजली घर बांधलं होतं. तेव्हापासून पाणी या पदार्थावरचा त्यांचा विश्वास उडाला. त्यांच्या घरी चहा निव्वळ दुधाचा होतो. आमटी दाट असते. मराठीही निर्भेळ. कूलंटला ते शीतलक म्हणतात, ब्लॉक हीटरला धडतापक आणि बूस्टर केबलला संजीवनी तार. टायरला चाकपट्टा म्हणून बघितलं होतं, पण ऐकणाऱ्यांना दर वेळी सायकलची चेन वाटायची म्हणून सोडून दिलं. जन्मात केलेली ही त्यांची एकमेव तडजोड.

तर गेल्या ऑक्टोबरात नानांनी ठरवलं की शीतलक बदलायचं. दुकानात दोन प्रकारचे कॅन होते. एक तयार, अर्धं पाणी घातलेला. दुसरा अर्क, निव्वळ. किमतीत फारसा फरक नाही.

"म्हणजे हे लोक पाण्याचे पैसे घेतात?" नाना भर दुकानात म्हणाले. सदाशिव पेठ आणि गवळी दोन्ही एकदमच जागे झाले. त्यांनी अर्काचे कॅन उचलले. इथवर ठीक होतं. शहाणी माणसं अर्कच आणतात आणि घरी पाणी मिसळतात.

नानांनी मिसळलं नाही.

मी त्या दिवशी गॅरेजमध्ये टॉर्च धरायला होतो, म्हणजे या पातकात माझाही हात आहे. रेडिएटर खालून उघडून जुनं पाणी काढलं की लोक थांबतात. इंजिनाच्या पोटात थोडं उरतंच. नानांनी ब्लॉकचाही बूच काढला. पाइपातून फुंकर मारली. "एक थेंब राहता कामा नये," म्हणाले. श्राद्धाच्या स्वयंपाकाचं भांडं घासावं तसा तो रेडिएटर त्यांनी स्वच्छ केला आणि त्यात निव्वळ अर्क ओतला. मी कॅनवरचं बारीक अक्षर वाचत होतो. म्हटलं, "नाना, इथे पाणी घाला असं लिहिलंय."

"किती भाषांत लिहिलंय?"

"दोन. इंग्रजी आणि फ्रेंच."

"दोघांनाही पाणी विकायचंय."

यातलं शास्त्र असं आहे, आणि ते अन्यायकारक आहे. पाणी शून्याला गोठतं. इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे त्या अर्कातला मुख्य द्रव, उणे १३ च्या आसपास गोठतो. दोन्ही एकट्याने दुबळे. पण अर्धं-अर्धं मिसळलं की दोघं एकमेकांना गोठू देत नाहीत आणि उणे ३७ पर्यंत वाहत राहतात. पाणी आणखी थोडं कमी केलं तर आणखी खाली जाता येतं, पण एका मर्यादेपुढे अर्क वाढवाल तितका तो उलट लवकर गोठायला लागतो. वर उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात ग्लायकॉलला धरता येत नाही. म्हणजे विनिपेगच्या हिवाळ्यात गाडी चालते ती भेसळीवर. हे नानांना कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, कारण त्यांनी खात्री करून घेतली होती.

खात्री करायचं एक साधन मिळतं. पिचकारीसारखी काचेची नळी, तिच्यात चार-पाच रंगीत गोळ्या. शीतलक ओढून घ्यायचं. जितक्या गोळ्या तरंगतील तितक्या खालच्या थंडीला ते टिकेल. नानांनी नळी बुडवली, फुगा दाबून सोडला आणि सगळ्याच्या सगळ्या गोळ्या झपकन वर येऊन बसल्या. नानांचे डोळे पाणावले. नऊ वर्षांच्या त्या मुलाला शेवटी शुद्ध दूध मिळालं होतं. त्या नळीला फक्त घनता कळते, आणि ग्लायकॉल जितकं जास्त तितका द्रव जड, तितक्या गोळ्या वर. निव्वळ अर्कात त्या वर येणारच. पेठेतली नळी आणि ही नळी सख्ख्या बहिणी होत्या, पण रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाच्याही ते त्या वेळी ध्यानात आलं नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर निभावला. गाडी गॅरेजमध्ये, वर रात्रभर धडतापक. तो अर्क उबेत लोळत होता. त्याची परीक्षा झाली ती संक्रांतीला.

मंडळाचा तिळगूळ शनिवारी संध्याकाळी. नानांची मुलगी ब्रँडनला असते, विनिपेगपासून पश्चिमेला दोनशेहून अधिक किलोमीटर. तिच्याकडची पेटी गाण्याच्या कार्यक्रमाला हवी होती, म्हणून शुक्रवारी नाना, काकू आणि पेटी उचलायला मी असे निघालो. रात्री मुक्काम. मुलीच्या घरी बाहेर प्लग एकच. नानांनी वायर हातात घेतली आणि बघितलं तर जावयाची नवी गाडी बाजूलाच उभी.

हा प्रसंग ज्याला कळत नाही त्याने मराठी घर बघितलेलं नाही. जावई म्हणत होता, "बाबा, तुमची लावा, तुम्हाला लांब जायचंय." नाना म्हणत होते, "छे, छे, तुमचा मान." उणे चौतीसमध्ये, फाटकात उभं राहून, ही ओढाताण सहा मिनिटं चालली. पापण्यांवर बर्फ धरला. शेवटी धोंड्याच्या महिन्यातलं चांदीचं ताट द्यावं तसा नानांनी जावयाला प्लग दिला. आमची गाडी रात्रभर उघड्यावर. सकाळी ती कुरकुरली, पण सुरू झाली, कारण बॅटरी नवी होती, ऑइल बरोबर होतं आणि टायरमध्ये हवा मोजून होती. नानांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं.

ट्रान्स-कॅनडा हायवेवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या परातीसारखी जमीन. झाड नाही, घर नाही, वारा मात्र आडवा. वीसेक मिनिटांनी काकू मागून म्हणाल्या, "अहो, हीटरमधून गार हवा येतेय."

"तापेल."

थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "अहो, तो काटा बघा. वर चाललाय."

मी बघितलं. तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला होता. आत बसलेले आम्ही तिघे कुडकुडतोय, बाहेर उणे चौतीस, आणि गाडी म्हणतेय मला उकडतंय. जाणता मेकॅनिक या दोन खुणा एकत्र बघताच इंजिन बंद करतो: हीटर गार आणि काटा वर, म्हणजे आतलं पाणी फिरत नाहीये. रेडिएटरमध्ये अर्काची खीर होऊन बसली होती. इंजिनाभोवतीचा द्रव जागच्या जागी उकळत होता आणि चार बोटांवर रेडिएटरमध्ये तोच द्रव गोठलेला होता.

"काटा खोटा आहे," नाना म्हणाले.

"काटा कशाला खोटं बोलेल?"

"उणे चौतीसला इंजिन तापतं होय? शीतलक निर्भेळ आहे. मी स्वतः घातलंय."

आणि त्या विश्वासावर आम्ही आणखी अकरा किलोमीटर गेलो. ते अकरा किलोमीटर फार महाग पडले. मध्येच काकू नाक उडवत म्हणाल्या, "पाकाचा वास येतोय. डिकीत लाडवांना काय झालं बघा बाई." डिकीत दीडशे तिळाचे लाडू होते, पण ते दगड झाले होते. गोड वास ग्लायकॉलचा होता. मग पुढून वाफ आली, मागून पांढरा धूर आला, इंजिन एकदा खोकलं, आणि गाडी शांतपणे कडेला जाऊन थांबली.

आता मी जे सांगतो ते मला आजही पुरतं उमगलेलं नाही. टोचनवाल्याला यायला पावणेदोन तास लागले, आणि ते पावणेदोन तास नाना कमालीचे सुखात होते. डिकी उघडली. घोंगड्या निघाल्या, प्रत्येकाला एक, काकूंना दोन. कॉफीच्या डब्यात मेणबत्ती पेटली. काच बोटभर खाली केली, धुराचा वायू साठू नये म्हणून. सुक्या खाण्यातून बाकरवडी निघाली. टोचनवाल्याला गाडी ओळखू यावी म्हणून आरशाला लाल फडकं बांधलं. तेसुद्धा डिकीत होतं. तीस वर्षं जमवलेली एकेक वस्तू बाहेर येत होती आणि आपापलं काम चोख करत होती. मेणबत्तीच्या उजेडात त्यांचा चेहरा असा फुलला होता की मुलीच्या लग्नातही नसेल.

"बघ," ते म्हणाले, "मेणबत्ती उपयोगी पडली की नाही!"

काकूंनी एक लाडू दाताखाली धरून बघितला आणि परत डब्यात ठेवला. "मांजराची वाळू राहिली वापरायची," एवढंच म्हणाल्या.

मेकॅनिक पंजाबी होता, तिशीतला, वागायला गोड. त्याने गाडी एक रात्र उबेत ठेवली, मग उघडली. आम्हाला बोलावलं. रेडिएटरमधून काढलेला द्रव बोटांत चोळून बघितला, वास घेतला आणि नानांना विचारलं, "अंकलजी, इसमें पानी नहीं डाला?"

नाना ताठ झाले. परदेशात, परक्या गॅरेजमध्ये, कुणीतरी शेवटी ओळखलं होतं.

"एक बूँद भी नहीं!"

मेकॅनिक थोडा वेळ गप्प राहिला. वडीलधाऱ्या माणसाशी कसं बोलावं हे घरून शिकून आलेला मुलगा होता. मग फडक्याला हात पुसत हळूच म्हणाला, "डालना था, अंकलजी."

त्याने डिपस्टिक काढून दाखवली. काळंभोर असायचं ते ऑइल चहासारखं दुधाळ झालं होतं. हेड तापून वाकलं, गॅस्केट फुटलं आणि शीतलक ऑइलमध्ये उतरलं होतं. त्या पाणचट ऑइलवर बेअरिंगही गेली होती. "म्हणजे शेवटी भेसळ झालीच," काकू म्हणाल्या. दुसरं इंजिन बसवायचे सात हजार आठशे डॉलर, वर बारा टक्के कर. गाडीची किंमत सुस्थितीत पाच हजार. नानांनी सवयीने साठने गुणलं, सव्वापाच लाख. विम्याचा प्रश्नच नव्हता. मॅनिटोबात गाडीचा मूळ विमा सरकारी असतो आणि तो अपघाताचा असतो. स्वतःच्या हाताने घातलेल्या अर्काला सरकार अपघात मानत नाही. गाडी भंगारात गेली. जाण्याआधी नानांनी तिच्या नाकातली वायर सोडवून घेतली, मंगळसूत्र काढून घ्यावं तशी, आणि खिशात ठेवली.

फेब्रुवारीभर कुणालाही पहाटे पाचचा फोन आला नाही. ही शांतता इतकी भयंकर होती की एके दिवशी उणे एकोणचाळीसला मीच पाचचा गजर लावून उठलो आणि नानांना फोन केला. "नाना, वायर लावलीत ना?" पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "गाडी कुठाय?" मी म्हटलं, "हो, ते राहिलंच." तरीही आम्ही दहा मिनिटं बोललो, टायरबद्दल.

एप्रिलमध्ये त्यांनी दुसरी गाडी घेतली, जुनीच. मंडळात त्या प्रकाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मराठी माणसं अशा बाबतीत तोंडावर फार सभ्य असतात. फक्त खजिनदारांनी वार्षिक जेवणात कढी वाढताना "पाणी बेताचंच घातलंय" असं मोठ्याने सांगितलं आणि कुणाचंही लक्ष नाही असं बघून स्वतःशीच हसले.

यंदाच्या दसऱ्याला पुन्हा पाट मांडला गेला. खण, ब्रश, फावडं, केबल, वायर. या वेळी ओळीत एक नवं आयुध होतं: काकूंच्या स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं, मध्यावर लाल रंगाने रेघ मारलेलं. कोकणातून नुकतंच आलेलं एक जोडपं पुढच्या खुर्च्यांवर बसलं होतं, हातमोज्यांसकट, नऊ अंशांत. टायर झाले, ऑइल झालं, डब्ल्यू झाला. मग नानांनी ते भांडं उचललं, घसा साफ केला आणि नजर गॅरेजच्या छपराकडे लावली.

"आता शीतलक. याबाबतीत एक सत्यकथा सांगतो. आपल्या इकडचेच एक गृहस्थ होते. हुशार होते, सगळी तयारी असायची त्यांची. पण त्यांनी एकदा काय केलं..."

कुणीही मान वर केली नाही. मी बुटाची नाडी बघत होतो. नाना तपशिलात शिरले. गोळ्या कशा तरंगल्या, काटा कसा चढला, जावयाचा मान कसा नडला, सगळं त्या गृहस्थांच्या नावावर जमा होत गेलं, आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे की इतकं प्रामाणिक व्याख्यान त्यांनी कधी दिलं नव्हतं.

"मग पुढे त्या गृहस्थांचं काय झालं?" नव्या जोडप्यातल्या मुलीने काळजीने विचारलं.

नाना उत्तर शोधत होते, तेवढ्यात घराकडचं दार उघडलं आणि काकू ट्रे घेऊन उंबऱ्यावर आल्या.

"त्या गृहस्थांना म्हणावं चहा झालाय," त्या म्हणाल्या. "अर्धं दूध, अर्धं पाणी."